जुना मोबाईल: दुरुस्त करायचा की बदलायचा? सभासदांसाठी सविस्तर सल्ला



या आठवड्याचा सल्ला पिकाचा नाही, मोबाईलचा आहे. मेसेज मोठा आहे. सवडीने वाचा आणि स्टार करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मागच्या रविवारी वर्तकनगरच्या स्टॉलवर आपल्या एका ताईंचा फोन साडेदहा वाजताच बंद पडला. गर्दीची वेळ होती. गिऱ्हाईक क्यूआर कोडवर पैसे टाकत होते आणि "गेले बघा" म्हणून स्वतःच्या फोनवरचा स्क्रीनशॉट दाखवत होते. ताईंना खात्री करायला काही साधन नव्हते. संध्याकाळी खाते बघितले तर तीन जणांचे मिळून ८६० रुपये आलेच नव्हते. त्यात सोसायटीच्या ग्रुपवरची एक ऑर्डर वाचायची राहून गेली आणि भेंडीचा एक क्रेट तसाच घरी परत नेला.

ताई म्हणाल्या, "आता नवीनच घेते. दुकानदार पंधरा हजाराचा दाखवतोय."

आम्ही फोन तपासला. फक्त बॅटरी संपली होती, बाकी फोन ठणठणीत होता.

त्याच दिवशी शेजारच्या टेबलावर एका दादांचा फोन बघितला. दिसायला नवा, कव्हर घातलेला, दिवसभर बॅटरी टिकणारा. पण त्याचे शेवटचे सुरक्षा अपडेट २०२१ सालचे! आणि त्यावर दादांचे बँक खाते, युपीआय, आधारचा ओटीपी, सगळे चालू. बदलायला हवा होता तो हा फोन.

म्हणजे फोन किती जुना दिसतो किंवा दुकानदार काय म्हणतो यावर निर्णय घेऊ नका. खालच्या तीन तपासण्या घरी बसून करा. पंधरा मिनिटांचे काम आहे.

*तपासणी १: सुरक्षा अपडेटची तारीख* 🔒

सेटिंगमध्ये जा. सगळ्यात खाली "फोनबद्दल" असते. त्यात अँड्रॉइड आवृत्तीवर बोट ठेवले की "सुरक्षा अपडेट" अशी एक तारीख दिसते. काही फोनमध्ये ही तारीख "सुरक्षा आणि गोपनीयता" या भागात असते. ती वहीत लिहून घ्या. मग सेटिंगमधल्या "सॉफ्टवेअर अपडेट"वर जाऊन नवे काही आले आहे का बघा.

ही तारीख म्हणजे काय? फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाटा सापडत राहतात. फोन बनवणारी कंपनी त्या बुजवते आणि ते काम अपडेटमधून आपल्या फोनवर येते. बांधाला खेकड्यांनी बिळे पाडली की आपण ती बुजवतो, तसेच. पण कंपनी हे काम कायम करत नाही. ठरावीक वर्षे झाली की त्या मॉडेलचे अपडेट थांबते. मूळ अँड्रॉइडचेही तसेच आहे. गूगलने अँड्रॉइड १२ साठी सुरक्षा दुरुस्त्या देणे २०२५ मध्ये थांबवले.

आपला नियम साधा ठेवू:
✅ तारीख सहा महिन्यांच्या आतली: फोन चांगला आहे.
⚠️ सहा महिने ते एक वर्ष: अपडेट दाबून बघा. आले तर उत्तम.
❌ वर्षाहून जुनी आणि अपडेटही येत नाही: या फोनवर पैशाचे काम ठेवू नका.

अपडेट थांबले म्हणजे उद्याच खाते रिकामे होईल असे नाही. घाबरू नका, पण वर्षानुवर्षे पुढे ढकलूही नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर "पीएम किसान यादी" किंवा "वाहन चलान" अशा नावाची एपीके फाईल आली आणि ती उघडून ॲप बसवले, तर कालच घेतलेला फोनही वाचवू शकत नाही. ॲप नेहमी प्ले स्टोअरवरूनच घ्या. चुकून पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

*तपासणी २: आपली कामे होतात का* 📲

आपल्याला फोनवर करायची कामे मोजकी आहेत. एकेक उघडून बघा.

• व्हॉट्सॲप: हे जुन्या फोनवर कायम चालत राहील असे धरू नका. २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर ते बंद झाले. पुढे हा आकडा वर सरकत जातो. वर्तकनगर आणि पोखरण रोडच्या सोसायट्यांच्या ऑर्डर आपल्याला याच ॲपवर येतात, म्हणून हे पहिले.

• युपीआय ॲप: ते उघडायला किती वेळ लागतो? पैसे आल्याचा मेसेज गिऱ्हाईक समोर असतानाच दिसतो का?

• ई-पीक पाहणी: राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ही सोय आहे. शेतात उभे राहून फोटो काढावा लागतो आणि फोन ठिकाणही नोंदवतो. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही. मग भाताची हमीभावाने विक्री असो की नुकसानभरपाई, खेटे घालावे लागतात.
फोन ठिकाण चुकीचे दाखवत असेल तर आधी सेटिंगमध्ये लोकेशन चालू आहे का आणि अचूकता वाढवण्याचा पर्याय चालू आहे का बघा. झाडाखाली न थांबता मोकळ्यावर दोन मिनिटे उभे राहा. तरी जमले नाही तर शेजाऱ्याचा फोन घेऊन त्याच जागी बघा. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची पाहणी नोंदवता येते. फक्त या एका कामासाठी कर्ज काढून फोन घेऊ नका.

• दामिनी ॲप: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेले हे ॲप आपल्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देते. मुरबाड-शहापूरकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात वीज कशी पडते ते तुम्हाला सांगायला नको.
इथेच जुना फोन धोका देतो. बॅटरी पुरत नाही म्हणून आपण लोकेशन बंद ठेवतो, बॅटरी सेव्हर कायम चालू ठेवतो. मग इशारा वेळेवर येत नाही आणि आपण शेतातच राहतो. बॅटरी वाचवायच्या नादात जिवाशी खेळ नको.

फोन फार हळू चालत असेल तर आधी साफसफाई करा. बऱ्याच वेळा गुड मॉर्निंगचे फोटो आणि व्हिडिओ यांनीच जागा भरलेली असते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये "स्टोरेज आणि डेटा", मग "स्टोरेज व्यवस्थापित करा" इथे जा. मोठ्या फाईली वर दिसतात, नको त्या काढून टाका. न वापरलेली ॲप काढा. साधारण दहापैकी एक-दीड हिस्सा जागा रिकामी राहू द्या. फोन बंद करून चालू करा. त्यानंतरही युपीआय उघडायला अर्धे मिनिट लागत असेल, तर फोनची ताकद कमी पडते आहे असे समजा.

*तपासणी ३: बाजाराच्या दिवसाची बॅटरी* 🔋

पहाटे टेम्पो निघताना फोन १०० टक्के चार्ज करा. दिवसभर नेहमीसारखा वापरा. दुपारी बारा वाजता आकडा बघा.
✅ ५० च्या वर: चांगली आहे.
⚠️ २० ते ५०: पॉवर बँकेवर चालवता येईल.
❌ २० च्या खाली, किंवा ३० टक्के दिसत असताना अचानक बंद: बॅटरी बदला.

फोनची लिथियम बॅटरी झिजतेच. पूर्वीच्या फोनमध्ये साधारण ५०० पूर्ण चार्ज झाले की तिची ताकद ८० टक्क्यांच्या आसपास येते. हल्लीच्या काही फोनमध्ये ८०० ते १,००० चार्जपर्यंत टिकते. उष्णतेने ती लवकर मरते. म्हणून फोन टेम्पोच्या काचेजवळ किंवा स्टॉलवर उन्हात ठेवू नका.

बॅटरी बदलण्याआधी चार्जिंगची खाच बघा. शेतातली धूळ आणि खिशातला कचरा त्यात बसतो आणि पिन नीट लागत नाही. फोन बंद करून कोरड्या लाकडी काडीने हलक्या हाताने साफ करा. टाचणी किंवा सुई घालू नका. फोन भिजला तर पुसून हवेशीर जागी ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदळाची भुकटी त्याच खाचेत जाते.

🚨 *हे मात्र थांबवू नका:* फोनची मागची बाजू फुगली असेल, स्क्रीन कडेने उचलली गेली असेल किंवा सपाट टेबलावर ठेवल्यावर फोन डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे. तो फोन लगेच बंद करा. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. पेंढा, धान्य, अंथरूण यांच्यापासून लांब ठेवा आणि कारागिराकडे न्या. अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

*आता हिशोब* 🧮

तीन तपासण्या झाल्या की वही घ्या. एकच प्रश्न विचारा: हा खर्च केला तर सुरक्षित वापराचे किती महिने मिळतील? एकूण खर्चाला महिन्यांनी भागा. समजण्यासाठी उदाहरणे देतो, भाव तुमच्या बाजारात विचारून घ्या.

१) ताईंचा फोन. बॅटरी बदलायला १,२०० रुपये. अपडेट अजून १८ महिने येणार. म्हणजे महिन्याला साधारण ६७ रुपये.

२) नवा फोन ८,००० रुपये. अपडेट २ वर्षे. महिन्याला साधारण ३३३ रुपये.

३) नवा फोन १२,००० रुपये. अपडेट ४ वर्षे. महिन्याला २५० रुपये.

४) जुना वापरलेला फोन ५,००० रुपये. अपडेटचे एकच वर्ष शिल्लक. महिन्याला साधारण ४१७ रुपये.

बघा, सगळ्यात स्वस्त वाटणारा चौथा फोन सगळ्यात महाग पडला. आणि ताईंना तर बॅटरी बदलणेच परवडले. त्यांनी तेच केले.

उलट दादांच्या फोनला ५०० रुपयांची स्क्रीन टाकली तरी फायदा नाही. अपडेट येणारच नसेल तर सुरक्षित महिने शून्य.

थोडक्यात:
• अपडेट येते, कामे होतात, फक्त बॅटरी, खाच किंवा काच खराब: *दुरुस्त करा.*
• अपडेट येते, पण दुरुस्तीचा महिन्याचा खर्च नव्या फोनच्या खर्चापेक्षा जास्त: *बदला.*
• अपडेट बंद: *पैशाच्या कामासाठी बदला.* जुना फोन घरी दुसऱ्या कामाला ठेवा.
• सगळे ठीक, फक्त नवे मॉडेल आवडले: पैसे बियाण्याला ठेवा 🙂

*नवा घेताना काय विचारायचे* 🛒

कॅमेरा किती मेगापिक्सेल हे नंतर. पहिला प्रश्न हा: "या मॉडेलला सुरक्षा अपडेट किती साली थांबणार?" ही वर्षे आपण विकत घेतल्यापासून सुरू होत नाहीत. मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात. दोन वर्षे दुकानात पडून असलेला फोन सवलतीत मिळाला तर दोन वर्षे आधीच गेलेली असतात.

पूर्वी दोन-तीन वर्षेच अपडेट मिळायचे. आता फरक पडला आहे. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला सात वर्षे जाहीर केली. ते महाग फोन आहेत. पण सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी ए१६ ५जी या त्यामानाने स्वस्त फोनलाही सहा वर्षे जाहीर केली. ही जाहिरात नाही. दुकानात विचारायला एक माप हाताशी असावे म्हणून सांगितले.

५जीसाठी घाई नको. आपल्या ऑर्डर, युपीआय आणि पीक पाहणी ४जीवर व्यवस्थित चालते. गावात कोणत्या सिमला रेंज आहे हे जास्त महत्त्वाचे.

हप्त्यावर घेत असाल तर सही करण्याआधी एक विचारा: "हप्ता चुकला तर फोन लॉक होतो का?" काही कर्जाच्या फोनमध्ये तसे ॲप टाकलेले असते. ऐन बाजारात फोन लॉक झाला तर धंदाच बंद.

वापरलेला फोन घेत असाल तर *#०६# दाबा. १५ अंकी आयएमईआय नंबर दिसेल. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग एक जागा सोडून तो नंबर लिहा आणि १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत आहे का ते कळते. सरकारच्या संचार साथी या सेवेतूनही हे बघता येते. बिल नसेल तर घेऊ नका.

*कधी बदलायचा, कसा बदलायचा* 📅

बाजाराच्या आदल्या रात्री फोन बदलू नका. नव्या फोनवर युपीआय सुरू केले की पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतात. येणाऱ्या पैशांना अडचण नाही, पण टेम्पोभाडे किंवा खतवाल्याचे पैसे द्यायचे असतील तर अडकाल. सिम कार्डही त्याच दिवशी बदलू नका. नवे सिम घेतले की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, मग बँकेचा ओटीपी येत नाही.

सोमवार किंवा मंगळवार बरा. रविवारपर्यंत सगळे बसते. पेरणीच्या तोंडावर आणि पीक पाहणीच्या शेवटच्या दिवसांतही हे काम टाळा.

क्रम असा ठेवा:
१) नंबर सिममध्ये सेव्ह आहेत की गूगल खात्यात, ते बघा. गूगल खात्यात घ्या. खात्याचा पासवर्ड आठवतो का तेही आधीच बघा.
२) दोन्ही फोन शेजारी ठेवा. जुन्या फोनच्या व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, चॅट्स, "चॅट्स ट्रान्सफर करा" असे जाऊन सगळे नव्यात घ्या.
३) सिम नव्या फोनमध्ये टाका. युपीआय ॲप प्ले स्टोअरवरून घ्या, तेच बँक खाते जोडा.
४) स्टॉलवरच्या क्यूआर कोडवर दुसऱ्याच्या फोनवरून एक रुपया टाकून बघा. आपल्याच खात्यात आला का?
५) आठ दिवस जुना फोन पुसू नका. काही राहिले असेल तर सापडेल.

*जुन्या फोनचे काय?* ♻️

चालू असेल तर त्यातून बँक, युपीआय आणि आधारची ॲप काढून टाका. मग घरच्या वाय-फाय किंवा हॉटस्पॉटवर हवामान बघायला, पिकावरच्या किडीचे फोटो काढायला, मुलांच्या अभ्यासाला ठेवा.

विकायचा असेल तर आधी त्यातले गूगल खाते काढा, सिम आणि मेमरी कार्ड काढा आणि मग फॅक्टरी रिसेट करा. नुसते फोटो डिलीट करून फोन देऊ नका.

पूर्ण मेला असेल तर उकिरड्यावर किंवा शेतात टाकू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. अधिकृत संकलन केंद्रात द्या.

*स्टॉलवाल्यांसाठी शेवटचे* 🥬

फोन नवा असो की जुना, एक दिवस बंद पडणारच. तयारी ठेवा. छापील क्यूआर कोड फोन बंद असतानाही चालतो, पैसे थेट खात्यात जमा होतात. पैसे आल्याचे बोलून सांगणारा साउंडबॉक्स बहुधा स्वतःच्या सिमवर चालतो, त्यामुळे फोन गेला तरी तो बोलतो. आणि कोणाचाही स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. आपल्याकडे आवाज किंवा मेसेज आला तरच पिशवी हातात द्या. गिऱ्हाईक ओळखीचे असले तरी हसून सांगा, "दोन मिनिटे थांबा हां, मेसेज येऊ द्या." कोणी रागावत नाही.

येत्या रविवारी सकाळी सात ते आठ, गर्दी व्हायच्या आधी, वर्तकनगरच्या स्टॉलवर आपण सभासदांचे फोन तपासून देऊ. येताना फोन चार्ज करून आणा आणि सुरक्षा अपडेटची तारीख लिहून आणा. आम्ही कोणाचाही पिन किंवा ओटीपी विचारणार नाही. कोणी कंपनीचे नाव सांगून विचारले तर देऊ नका, लगेच आपल्या गटप्रमुखाला कळवा.

घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना हा मेसेज वाचून दाखवा. आजी-आजोबांच्या फोनवरची तारीखही आजच बघून घ्या. बऱ्याच घरांत मुलांचा जुना फोन त्यांच्याकडे जातो आणि त्यांचे पेन्शनचे खाते त्याच फोनला जोडलेले असते.

जय किसान 🌾